जेलरोडचा फ्लॅट तारण ठेवण्याआधी

प्रश्न: वय २७, फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) झालेय. नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात सव्वादोन वर्षं क्लिनिकल फार्मासिस्ट आहे, हातात महिना ३२,००० येतात. आठवड्यातून दोनदा राउंडला जाते, बाकी दिवस इंडेंट (औषधांची मागणीपत्रं) आणि ऑडिटच्या फायली. प्रत्यक्ष पेशंटबरोबर काम करायचं म्हणून इंग्लंडला जायचंय. कॉलेज रोडवरच्या एका कन्सल्टन्सीने एक वर्षाची एमएस्सी क्लिनिकल फार्मसी सुचवलीय, सगळा खर्च २२ लाख. बँक ११ टक्क्यांनी कर्ज देतेय, पण वडिलांचा जेलरोडचा फ्लॅट तारण मागतेय. वडील नोट प्रेसमधून निवृत्त झालेत. माझी बचत ४ लाख २० हजार. कन्सल्टन्सी महिनाअखेरपर्यंत ५०,००० टोकन मागतेय. काय करू?

उत्तर: या कोर्ससाठी कर्ज घेऊ नका.

अडचण व्याजदराची नाही. इंग्लंडमध्ये फार्मासिस्ट म्हणून पेशंटजवळ जायचं तर जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलची नोंदणी लागते. भारतीय पदवीवाल्यांसाठी तिकडे जाणारा रस्ता म्हणजे ऑस्पॅप हा एक वर्षाचा कोर्स, त्यानंतर ५२ आठवड्यांचं फाउंडेशन ट्रेनिंग आणि शेवटी नोंदणी परीक्षा. या परीक्षेला तीनच संधी मिळतात. नुसत्या एमएस्सीने यातली एकही पायरी चढता येत नाही, नावात 'क्लिनिकल' असलं तरी. कन्सल्टन्सीला एवढंच विचारा: ऑफर लेटरवर ऑस्पॅप हा शब्द आहे का, आणि तो कोर्स कौन्सिलच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का? उत्तर गोलमोल आलं तर विषय संपला.

आता हिशेब. २२ लाख सुरुवातीलाच उचलले आणि कोर्स अधिक सहा महिने हप्ता नाही असं धरलं, तर १८ महिन्यांचं साधं व्याज ३ लाख ६३ हजार होतं. ते मुद्दलात चढलं की २५ लाख ६३ हजारांवर १० वर्षांचा हप्ता सुमारे ३५,३०० बसतो, म्हणजे तुमच्या आजच्या पगारापेक्षा जास्त. विद्यार्थी व्हिसावर सत्रात आठवड्याला २० तासच काम करता येतं. शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसाही १ जानेवारी २०२७पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच आहे. नोंदणी नसताना हप्ता सुरू झाला, तर तो वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातूनच जाणार.

तुमच्या हातात जे आहे, त्यावर आधी आखाती देश बघा. दुबई हेल्थ अथॉरिटीच्या शेरयान पोर्टलवर सेल्फ असेसमेंट करा. आपण कुठल्या पदनामाला पात्र आहोत ते तिथे कळतं. 'फार्मासिस्ट' आणि 'क्लिनिकल फार्मासिस्ट' ही वेगळी पदनामं आहेत, आणि तुम्हाला हवं ते काम दुसऱ्यात आहे. पुढे प्रोमेट्रिक ही परवान्यासाठीची संगणकावरची परीक्षा आणि डेटाफ्लो या कंपनीची कागदपत्रं पडताळणी. पात्रता मिळाली म्हणजे परवाना मिळाला असं नाही. तो हॉस्पिटलने नोकरी दिल्यावरच चालू होतो.

घोळ होतो तो डेटाफ्लोत. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. या दोन्हींत फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा. अनुभवपत्रावर पदनाम, पूर्णवेळ की अर्धवेळ, रुजू तारीख आणि वॉर्डातलं नेमकं काम हवं. पडताळणीचा ईमेल हॉस्पिटलच्या एचआरकडे जातो. तिथे उत्तरच आलं नाही किंवा तारीख एका महिन्याने चुकली, तरी फाइल अडकते. महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचं गुड स्टँडिंग प्रमाणपत्रही (नोंदणी चालू आहे, कारवाई नाही असं) काढावं लागेल. पदवीचं साक्षांकन राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि यूएई दूतावास या क्रमाने होतं. नुसता अपोस्टील (परराष्ट्र मंत्रालयाचा आंतरराष्ट्रीय शिक्का) तिथे चालत नाही. या सगळ्याला पावणेदोन लाख बाजूला काढा, तेही एकदम नाही. पात्रतेचं पाहिल्याशिवाय परीक्षेची फी भरू नका.

एजंट घेतलाच तर केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी तपासा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं.

ऑफर आली की पगारापेक्षा उरणारी रक्कम मोजा. ७,००० दिरहम पगार, वाटून घेतलेली खोली १,८००, जेवण ९००, मेट्रो-फोन ५००, किरकोळ ५०० धरले तर ३,३०० उरतात. दिरहम २४ रुपये धरला तर ते ७९,२०० झाले. हाच खर्च ५,०००च्या ऑफरला लावला तर हातात ३१,२०० राहतात. राहण्याची सोय नसेल तर ६,०००च्या खाली जाऊ नका, असं मी म्हणेन. बेसिक पगारही वेगळा विचारा. पहिल्या पाच वर्षांची ग्रॅच्युइटी वर्षाला २१ दिवसांची मिळते, तीही बेसिकवर. एकूण पगार फुगवून बेसिक बारीक ठेवणं ही नेहमीची चाल आहे.

महिना ७०,००० बाजूला पडले तर दोन वर्षांत जवळपास १७ लाख. तेव्हा ऑस्पॅपला फ्लॅट तारण ठेवायची गरज उरणार नाही, किंवा ऑस्ट्रेलिया धरा: केएपीएस या तिथल्या फार्मसी पात्रता परीक्षेचे दोन पेपर, मग १,५७५ तासांची सशुल्क नव्हे तर पगारी इंटर्नशिप. अमेरिकेला फार्म.डी. सहा वर्षांची असल्याने चालते, पण सप्टेंबर २०२५पासून एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर मालकाला एक लाख डॉलर भरावे लागतात. तूर्त तो विषय बाजूला.

आजच्या बचतीतले दोन लाख आपत्कालीन निधी म्हणून एफडीत ठेवा. वडिलांच्या मुदतठेवींना हात लावू नका. जाण्याआधी आई-वडिलांची आरोग्य पॉलिसी चालू आहे ना ते पाहा. नोकरीसाठी बाहेर गेल्यावर बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्यायचं आणि म्युच्युअल फंडाचं केवायसी बदलायचं. अनिवासी झाल्यावर पीपीएफ मुदतीपर्यंत चालतो, वाढवता येत नाही.

टोकनचं काय? परतावा कधी आणि किती, हे लेटरहेडवर लिहून देत नसतील तर ५०,००० देऊ नका. फ्लॅटचा मूळ दस्त बँकेत दिला असेल तर कर्जाचा अर्ज मागे घेतल्याचं पत्र देऊन, पोच घेऊन, तो याच आठवड्यात घरी आणा.