थंड इंजिन थरथरते, म्हणून चारही इंजेक्टर बदलावेत का?

आपल्या २००९ च्या डिझेल स्विफ्टचे इंजिन सकाळी सुरू होताच तीन-चार मिनिटे मिसिंग घेते, मागून पांढरा धूर येतो, गरम झाल्यावर सगळे सुरळीत होते आणि मिस्त्रींनी चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणारे भाग) बदलायला सांगितले आहेत, असे आपण लिहिले आहे. तूर्त इंजेक्टरना हात लावू देऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते. इंजिन थंड असताना सिलिंडरच्या भिंती ती उष्णता शोषून घेतात आणि ही उणीव हीटर प्लग, म्हणजेच ग्लो प्लग, भरून काढतो. चारपैकी एक-दोन प्लग निकामी झाले, तर तेवढ्या सिलिंडरमधले डिझेल नीट जळत नाही, इंजिन थरथरते आणि न जळलेले डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर पडते. भिंती तापल्या की प्लगची गरज उरत नाही. झिजलेला इंजेक्टर सहसा याच्या उलट वागतो: तापलेले डिझेल पातळ होऊन रिटर्नच्या, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या नळीच्या वाटेने जास्त निसटते, रेलमध्ये, म्हणजे चारही इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, पुरेसा दाब तयार होत नाही आणि गरम गाडीच सुरू व्हायला त्रास देते.

इंदूरला रामबागेत आमच्या घरी याच इंजिनाची गाडी आहे. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, पहाटेचा पारा दहा अंशांखाली उतरला की ती अशीच थरथरत असे, मात्र दुपारी भेरूघाट चढताना तिची काहीही तक्रार नसे. एका वर्कशॉपने दोन इंजेक्टर दुरुस्त करून बसवले, त्याचे पैसे मी मुकाट्याने दिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थरथर होती तशीच होती. मग मीच प्लगांच्या वायरी काढून मल्टिमीटर लावला. दोन प्लगांवर एक ओहमच्या आसपास आकडा आला. उरलेल्या दोहोंवर काटा जागचा हलला नाही, म्हणजे आतली तार तुटलेली होती. ते दोन प्लग बदलल्यावर तक्रार संपली.

आपणही हीच तपासणी आधी करावी. प्लग ठीक असतील, तर त्यांना वीज सोडणाऱ्या रिलेमधून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमधून, प्लगपर्यंत वीज पोचते का ते पाहावे. प्लग काढताना घाई मुळीच करू नये, कारण जुना प्लग कार्बनने घट्ट बसलेला असतो आणि जोर लावल्यास हेडमध्येच, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणातच, तुटतो. मग एवढ्याशा वस्तूपायी हेड उतरवण्याची वेळ येते. आदल्या रात्री बुडाशी गंज सोडवणारे तेल सोडावे आणि इंजिन कोमट असताना पाना हळूहळू पुढे-मागे करत प्लग सोडवावा.

प्लग आणि रिले दोन्ही निर्दोष निघाले, तर पुढचा संशय डिझेलच्या नळीत शिरणाऱ्या हवेचा. रात्रभर उभ्या गाडीत डिझेल टाकीकडे परत उतरत असेल, तर सकाळी स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये थोडा वेळ पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. फिल्टरच्या तळाचे पाणीही त्याच वेळी काचेच्या ग्लासात काढून पाहावे.

त्यानंतर कोणते सिलिंडर काम करत नाही ते शोधावे. इंजिन बंद करून एका इंजेक्टरचा विजेचा कनेक्टर काढावा, गाडी थंड असतानाच सुरू करावी आणि थरथर वाढते का ते पाहावे. जिथे काहीच फरक पडत नाही, ते सिलिंडर आधीपासूनच निकामी आहे. यानंतर चेक इंजिनचा दिवा लागेल, तो स्कॅनरने घालवता येतो. जुन्या पंपाच्या गाड्यांत मिस्त्री इंजेक्टरच्या पाईपचा नट सैल करून हीच परीक्षा घेत असत, पण आपल्या गाडीत तसे कोणालाही करू देऊ नका. कॉमन रेलमध्ये आयडलवरही, म्हणजे उभ्या गाडीचे इंजिन नुसते चालू असतानाही, शेकडो बारचा दाब असतो आणि ती बारीक धार कातडीतून आत शिरते. अशी जखम वरून लहान दिसली तरी तातडीच्या शस्त्रक्रियेची असते.

सदोष सिलिंडर सापडल्यावर मग चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून मिनिटभरात कोणती जास्त भरते ते पाहावे आणि त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, मोजून घ्यावे. बाटल्या सारख्या भरल्या आणि कॉम्प्रेशन कमी निघाले, तर दोष व्हॉल्व्ह किंवा पिस्टनच्या रिंगांचा आहे. तिथे नवे इंजेक्टर घालून काहीही साधणार नाही. एकच बाटली भराभर भरली, तर तेवढा एक इंजेक्टर टेस्ट बेंचवर, म्हणजे इंजेक्टर तपासण्याच्या यंत्रावर, पाठवावा.