आटे ओळखताना घाई नको

लेथ घेतलास, झकास भावा! बोल्टचे आटे ओळखायला मायक्रोमीटर राहू दे. बरा व्हर्नियर कॅलिपर आणि मेट्रिक-इंची दोन्ही पात्यांचा थ्रेड गेज (आट्यांवर बसवून बघायच्या दातेरी पात्यांचा) पुरे. मापाआधी व्हर्नियरचे जबडे पुसून मिटव, शून्य बघ.

नवखे कुठं फसतात? बोल्ट साडेनऊ मिमीच्या आसपास भरला की 'झिजलेला एम १०' (१० मिमीचा मेट्रिक बोल्ट) म्हणून मोकळे. अरे, तो तीन सुती असेल की! म्हणजे ३/८ इंच, ९.५२५ मिमी. बेळगावच्या उद्यमबागेतून जुने बोल्ट आणलेस तर हे आधी तपास. दहा आट्यांचं अंतर मोज: नेहमीच्या एम १० ला १५ मिमी, तीन सुती व्हिटवर्थला (जुन्या ब्रिटिश इंची आट्याला) जवळपास १५.९. मग गेजचं पातं लावून उजेडासमोर धर, फट दिसता कामा नये.

नट दोन फेरे बसला म्हणजे जुळला असं नव्हे. पान्यानं तर रेटूच नकोस, मीही आटे बिघडवलेत तसे. आट्यांच्या कोनाचं प्रकरण (व्हिटवर्थ ५५, मेट्रिक ६० अंश) नंतर बघू.