दगडाचा रस आणि त्यातून सुटणारी हवा

प्रश्न : मी नववीत शिकते. माझे पप्पा शिरोलीच्या एका फाउंड्रीत कामाला आहेत. दुसऱ्याच एका ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ५५ कॅन्क्री ई नावाच्या ग्रहावर दगडसुद्धा वितळतात असं वाचलं. मे महिन्यात महाद्वार रोडवर अनवाणी चाललं तरी पाय पोळतात. मग तिथं नेमकं कसं असेल?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : बाळ, इथं उन्हाचा चटका कामाचा नाही, पप्पांची भट्टी कामाची. मी स्वतः एकतीस वर्षं मेल्टिंगला होतो. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रस साधारण १४०० अंशांवर ओततात. लॅडल, म्हणजे रस वाहून नेणारं भांडं, समोरून जाताना तोंड चरचरतं आणि त्याच वेळी घामेजलेल्या पाठीला पंख्याचं वारं गार लागतं. आपण लगेच वळतो. त्या ग्रहाला वळता येत नाही. चंद्राची जशी एकच बाजू आपल्याला दिसते, तशी त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असावी. तिथली दुपार कलतच नाही.

सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटरवर. तो ग्रह ताऱ्यापासून जेमतेम २३ लाखांवर. पप्पा सकाळी सातला पाळीवर गेले, की रात्री एकपर्यंत तिथलं अख्खं वर्ष संपतं. पौर्णिमेला हात लांब करून करंगळी धर, चंद्र नखाआड झाकतो. सूर्यही आपल्याला तेवढाच दिसतो. तिथला तारा झाकायला दीड वीत लागेल.

ग्रह ताऱ्याच्या आड गेला की एकूण उजेड किंचित उतरतो. जेवढा उतरला, तेवढी ग्रहाची धग. आमचे जुने मिस्त्री रसाच्या रंगावरून अंश सांगायचे, त्याच जातीचं हे काम. वेब या अंतराळातल्या दुर्बिणीनं असं मोजलं, ते २०२४ साली प्रसिद्ध झालं : उजेडाच्या बाजूला सुमारे १५४० अंश. सह्याद्रीचा काळा पत्थर १२०० च्या आसपास पुरता वितळतो. म्हणजे पाय टेकायला तिथं जमीनच नाही, दगडाच्या रसाचा समुद्र आहे.

पण मला खरी ओढ लावली ती दुसऱ्याच आकड्यानं. हवा नसती, तर ती बाजू २२०० अंशांपर्यंत तापायला हवी होती. म्हणजे उष्णता पलीकडच्या अंधाऱ्या बाजूला वाहून नेणारी हवा तिथं बहुधा आहे. कार्बन डायऑक्साइडची किंवा कार्बन मोनॉक्साइडची. इतक्या जवळच्या ताऱ्यानं मूळची हवा केव्हाच उडवून लावली असणार. मग ही आली कुठून? रसातून! पप्पांना पिनहोल म्हणजे काय ते विचार. रसात विरघळलेला वायू रस निवताना सुटतो आणि कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, बारीक भोकं पडतात. त्यापायी आमचे कितीतरी पीस रिजेक्ट झाले, रात्र-रात्र झोप नसायची. तिथं रसातून सुटणारा वायूच उडून गेलेल्या हवेची जागा भरत असावा.

एप्रिलच्या सुरुवातीला रात्री आठच्या सुमारास कर्क रास जवळपास डोक्यावर येते. पप्पांना सुट्टी असेल तेव्हा गावच्या दिव्यांपासून लांब जा, साधी दुर्बीण न्या. ग्रह दिसायचा नाही, पण त्याचा तारा याच राशीत आहे, तो दिसेल. तो ४१ प्रकाशवर्षांवर आहे.