थर्मोस्टॅट काढून टाकायचा का? जुन्या गाड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी १९९८ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरची. मोहोळपर्यंत हायवेला तापमानाचा काटा निम्म्यावर असतो. गावात शिरल्यावर सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलं की चढायला लागतो. गॅरेजवाले म्हणतात, 'थर्मोस्टॅट काढून टाकू, सोलापूरच्या उन्हात तो लागतोच कशाला?' काढू का?
– वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : काढू नका. थर्मोस्टॅट ही इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप. तुमच्या गाडीचं निदान तुमच्या पत्रातच आहे. पळत्या गाडीत वारा आपोआप रेडिएटरमधून जातो, थांबलेल्या गाडीत ते काम फॅनचं. थर्मोस्टॅट अडकला असता किंवा रेडिएटर तुंबला असता, तर काटा हायवेलाच चढला असता. त्यामुळे आधी फॅन बघा.

इंजिन बंद, इग्निशन चालू. फॅनच्या थर्मो स्विचचा (पाणी तापलं की फॅन चालू करणारा) कनेक्टर काढा आणि त्यातल्या दोन वायरी तारेच्या तुकड्यानं जोडा. वायर एकच असेल तर ती बॉडीला टेकवा. फॅन फिरला की समजा, स्विच गेलाय. नाही फिरला तर फ्यूज आणि रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू करणारा स्विच) बघा, मग मोटरला बॅटरीवरून थेट करंट द्या. टपली मारल्यावर फिरत असेल तर कार्बन झिजलेत. फॅन फिरतोय आणि तरी गाडी तापतेय, तर रेडिएटरच्या पुढच्या बाजूला वर्तमानपत्राचं पान धरा. ते जाळीला चिकटायला हवं. उडून आलं तर मोटर रिपेअर करताना वायरी उलट्या जोडल्यात, फॅन वारा ओढण्याऐवजी पुढे ढकलतोय. हा घोळ वाटतो त्यापेक्षा जास्त गाड्यांत सापडतो.

थर्मो स्विच वगळून फॅन 'डायरेक्ट' करून डॅशबोर्डवर बटण लावून घेऊ नका. एखाद्या दिवशी ते दाबायचं राहतं आणि इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) जातं.

आता थर्मोस्टॅट. बाहेर ४३ अंश असले तरी इंजिनला ८० ते ९० लागतातच. थर्मोस्टॅट काढला की इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी सोय) जास्त वेळ लागतो, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, अ‍ॅव्हरेज पडतं. शंका असेल तर तो पातेल्यात पाण्यात टाकून गॅसवर ठेवा. गार असताना पूर्ण बंद हवा, ८२ अंशांचा असेल तर त्या सुमाराला उघडू लागायला हवा. अर्धवट उघडला तर नवा टाका, सोबत त्याचं गॅस्केटही (सांधा गळू न देणारं पॅकिंग).

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायची सवय असेल तर ती आजच मोडा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. ते रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात, आणि नुसतं पाणी अ‍ॅल्युमिनियमचं हेड आतून खात जातं. इंजिन पूर्ण गार झाल्यावर सगळं पाणी काढा, स्वच्छ येईपर्यंत धुवा. मग दोन लिटर कूलंट (पाण्यात मिसळायचं द्रव) आणि दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर एकत्र करून भरा. थोडं उरेल, ते बाटलीत ठेवा. रेडिएटरचं टोपण उघडं ठेवून इंजिन आयडलला चालवा, हवा निघत जाईल तसं भरत राहा. टोपणाचं रबर कडक झालं असेल तर टोपणही बदला. ०.९ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) दाबाचं टोपण पाण्यावर दाब धरतं म्हणून पाणी १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. ते गळकं असलं तर बाकी सगळं ठीक असूनही गाडी पाणी बाहेर टाकते.

एवढं करूनही रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील आणि इंजिन सुरू केल्याबरोबर होज दगडासारखे टणक होत असतील, तर हेड गॅस्केट गेलंय. नुसतं गॅस्केट बदलून देतो म्हणणाऱ्याला हेड सरळपट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून दाखवायला सांगा. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक असेल तर फेसिंग (मशीनवर घासून सपाट करणं) करावंच लागेल.

प्रश्न : अक्कलकोट रोडला रात्री समोरचं दिसत नाही म्हणून हेडलाइटला १००/९० वॉटचे बल्ब टाकले. महिन्यात होल्डर वितळला. एलईडी टाकू का?
– वाचक, अक्कलकोट

उत्तर : दोष बल्बचा नव्हता, वायरिंगचा होता. ६० वॉटचे दोन बल्ब मिळून १० अ‍ॅम्पिअर घेतात, १०० वॉटचे जवळजवळ १७. जुन्या गाडीत हा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. इंजिन चालू ठेवून आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या पिनांवर मीटर लावा. तिथे १३.५ आणि इथे ११.५ दिसले, तर बल्बचा जवळपास ४० टक्के उजेड वायरीतच गेला.

पुन्हा ६०/५५चे बल्ब आणा, सिरॅमिक होल्डर लावा आणि हाय-लोसाठी दोन ३० अ‍ॅम्पिअरचे रिले बसवा. बॅटरीजवळ २० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज, तिथून २.५ चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला. ८७ नंबरच्या पिनेतून बल्बला. जुन्या वायरी फक्त ८५-८६ ला. बल्बची अर्थ वायरही नवी, बॉडीचा रंग खरवडून. एक काळजी घ्या : काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो. टेस्टर लावून खात्री केल्याशिवाय वायर कापू नका. रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर तो बदलल्याशिवाय हे सगळं वाया.

एलईडी नको. हॅलोजनसाठी केलेल्या रिफ्लेक्टरमध्ये त्याचा उजेड विखुरतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि तुम्हाला रस्ता मात्र फारसा दिसत नाही.

प्रश्न : ८०० चे १४५/७० आर १२ टायर काढून १५५/६५ आर १३ बसतील?
– वाचक, बार्शी

उत्तर : बसवता येतील, पण चाकाचा व्यास ५०८ मिलिमीटरवरून ५३२ होतो, म्हणजे पावणेपाच टक्के जास्त. स्पीडचा काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६३ला असेल, आणि चार गिअरच्या छोट्या इंजिनाला चढाला ते जाणवेल. पूर्ण स्टिअरिंग वळवून, मागे तिघांना बसवून टायर कुठे घासतो का ते बघा. आमचं मत विचाराल तर त्याच मापाचे ताजे टायर घ्या. टायरच्या बाजूवरच्या तारखेच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष.

प्रश्न : कार्ब्युरेटरच्या ८०० मध्ये भंगारातलं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल घेणारं) इंजिन टाकायचं आहे. खर्च परवडेल?
– वाचक, होटगी रोड

उत्तर : इंजिन स्वस्त पडेल, बाकीचं नाही. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, सेन्सर, टाकीतला पंप, जादा दाब सोसणारे पेट्रोलचे पाइप, हे सगळं ज्या गाडीचं इंजिन त्याच गाडीतलं हवं. सुट्टं जमवलेलं महिनोन्‌महिने चेक लाइट दाखवत बसतं. शिवाय इंजिन नंबर आरसीवर असतो. आरटीओची परवानगी आधी घ्या, विकणाऱ्याचं बिल आणि त्या गाडीची कागदपत्रं जपून ठेवा. नाहीतर पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाच्या तपासणीत नंबर जुळणार नाही. ३७ बीएचपीवरून ४५ मिळवण्यासाठी एवढी धावपळ करण्यापेक्षा आहे त्याच इंजिनाचं व्हॉल्व सेटिंग, प्लग, डिस्ट्रिब्युटर कॅप आणि कार्ब्युरेटरची किट एकदा नीट करून घ्या.