स्थापत्य अभियांत्रिकीसोबत आफ्रिकी संस्कृतींचा मायनर घ्यावा का?

अमेरिकेत स्थापत्य अभियांत्रिकी शिकत असताना आफ्रिका आणि जगभर पसरलेल्या आफ्रिकी वंशाच्या समाजांच्या संस्कृतींचा मायनर, म्हणजे मुख्य पदवीसोबतचा छोटा दुय्यम अभ्यासक्रम, घ्यावा का, असे आपण विचारले आहे. घरच्यांना तो वेळेचा आणि पैशाचा अपव्यय वाटतो, असेही लिहिले आहे. मी याच पदवीसोबत हा मायनर पूर्ण केला आहे आणि आपण तो जरूर घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

मी मूळची अलिबागकडची. साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील गल्ला-गीची, म्हणजे तिथे गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांच्या, समाजाविषयीच्या तासाला आमच्या प्राध्यापिकांनी लव्हाळ्याच्या जुड्या वेटोळ्यांनी शिवून केलेली एक पसरट टोपली आणली आणि तिच्यात कांडलेले भात पाखडून दाखवले. मनगटाचा तो हलका झटका, पुढे उडणारे तूस आणि मागे राहणारा दाणा मी आजीच्या सुपात शेकडो वेळा पाहिला होता. पुढे पश्चिम आफ्रिकेच्या खाड्यांमधील भातशेती अभ्यासली, तेव्हा खारफुटी तोडून घातलेले बांध, पावसाच्या पाण्याने धुऊन काढलेले क्षार आणि पाणी सोडण्या-अडवण्यासाठी पोकळ केलेले ओंडके पाहून आमच्याकडचे खारबांध आणि त्यांतली पाणी सोडायची दारे, म्हणजे उघाड्याच, डोळ्यांसमोर आल्या. कॅरोलायनातील भाताचे मळे गुलामांच्या केवळ श्रमांवर उभे राहिले की त्यांनी सोबत आणलेल्या ज्ञानावरही, आणि असल्यास किती, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. तो वाद दोन्ही बाजूंनी वाचताना मी खरे शिकले, कारण मळेवाल्याच्या वहीत माणसांच्या किमती सापडतात, परंतु बांध कसा घालावा हे कोणी सांगितले, ते सापडत नाही.

घरच्यांच्या शंकेबाबत सांगायचे, तर मायनरला साधारणतः पाच-सहा विषय, म्हणजे 15 ते 18 क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक) लागतात. मानव्यविद्येचे काही विषय अभियंत्यांनाही सक्तीचे असतात. माझे तीन विषय दोन्हीकडे धरले गेले, त्यामुळे एकही सत्र वाढले नाही. आपल्या विद्यापीठात अशी मुभा आहे का, हे सल्लागारांकडून आधीच लेखी घ्यावे.

विषय निवडताना केवळ अमेरिकेपुरते थांबू नये. अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांवर चढवलेल्या सुमारे 1.25 कोटी माणसांपैकी आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट उतरवली गेली ती जेमतेम चार लाख. बहुसंख्य ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर गेली, म्हणून तिकडचा एक विषय घ्याच. हिंदी महासागराचा विषय असल्यास तोही घ्या, कारण इथिओपियातून गुलाम म्हणून विकला जाऊन पुढे निजामशाहीचा कारभारी झालेला मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांचा इतिहास त्याच प्रवाहातला आहे. स्वाहिली किंवा योरुबा शिकवत असतील, तर भाषेचा वर्ग पहिल्या वर्षीच घ्यावा; शेवटच्या वर्षी प्रकल्पाच्या कामात रोजच्या सरावाला तासभरही मिळत नाही.