राजकारणाचा अभ्यास करून एखादी अभिनेत्री झाली आहे का?

हो, सोहा अली खान. तिने ऑक्सफर्डच्या बॅलिअल कॉलेजात आधुनिक इतिहास शिकून नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पदव्युत्तर पदवी घेतली. म्हणजे नेमकं राज्यशास्त्र नव्हे, पण त्याचा अगदी सख्खा विषय. शिक्षणानंतरही ती थेट सेटवर गेली नाही. आधी फोर्ड फाउंडेशन या सामाजिक कामांना निधी देणाऱ्या संस्थेत, मग मुंबईत सिटीबँकेत नोकरी केली. २००४ मध्ये पडद्यावर आली आणि २००६ च्या 'रंग दे बसंती'मुळे खरी ओळख मिळाली. त्यात तिची सोनिया, तिचा होणारा नवरा लढाऊ विमान कोसळून मरण पावल्यावर, मेणबत्ती हातात घेऊन इंडिया गेटवर उभी राहते. सरकारला जाब विचारणाऱ्या मुलीची ही भूमिका तिच्या वाट्याला आली, हे मला फार आवडतं. हे सगळं तिच्या मुलाखतींत आणि २०१७ च्या आठवणींच्या पुस्तकात आलेलं आहे. एक मात्र लक्षात घ्या: आई शर्मिला टागोर, भाऊ सैफ. चित्रपटसृष्टी तिला परकी नव्हती, त्यामुळे बँकेची नोकरी सोडण्याचा धोका तिला जसा पेलला तसा प्रत्येकीला पेलेलच असं नाही.