मक्याचे बी घरचे धरता येईल का?

प्रश्न : आमची थोडी कोरडवाहू शेती पंचमहाल जिल्ह्यात, हालोलच्या पुढे आहे. ती कसणारे भागीदार संकरित मका लावतात. पण ऐन तुऱ्यावर पावसाने ओढ दिली की कणसे अर्धीमुर्धी भरतात. या भागात शास्त्रज्ञांनी शेतकऱ्यांना बरोबर घेऊन मक्याचा वाण तयार केला होता, असे ऐकले. तसे काही आम्हांला करता येईल का?
— एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : ऐकले ते खरे आहे, आणि ते काम तुमच्याच भागातले आहे. १९९३ पासून तेथे तयार वाण शेतकऱ्यांच्या शेतांत लावून पाहिले गेले, पण त्यांतला एकही त्यांच्या फारसा मनास येईना. म्हणून १९९४ मध्ये, थोडेफार पसंत पडलेल्या किंवा मोठ्या कणसासारखा एखादा गुण असलेल्या पांढऱ्या व पिवळ्या वाणांचा संकर करून पुढील पिढ्यांत निवड सुरू झाली. काही पिढ्यांत ही निवड शेतकऱ्यांनीच, प्रकल्पाने भाड्याने घेतलेल्या जमिनीवर केली आणि खतपाणी संशोधन केंद्रावरील रिवाजापेक्षा कमी ठेवले गेले. त्यातून निघालेला वाण ‘गुजरात मकाई-६’ या नावाने डोंगराळ भागासाठी प्रसारित झाला. केंद्रावरील चाचण्यांत त्याचे उत्पन्न स्थानिक वाणापेक्षा १८ टक्के जास्त आले आणि स्त्रीकेसर, म्हणजे कणसाचे केस, सात दिवस आधी बाहेर पडले. शेतकऱ्यांच्या शेतांत, जेथे मुळात उत्पन्नच कमी, तेथे ही वाढ २८ टक्के होती. मला हा दुसरा आकडा अधिक मोलाचा वाटतो, कारण वाणाची खरी परीक्षा हलक्या जमिनीतच होते.

तुमची कणसे रिकामी का राहतात, ते आता पाहू. पाण्याचा ताण पडला तरी तुरा, म्हणजे शेंड्यावरचा नरफुलोरा, बहुधा वेळेवर येतो आणि परागकण गळू लागतात. कणसाची वाढ मात्र मंदावते, केस उशिरा निघतात आणि तोवर पराग संपत आलेला असतो, म्हणून दाणे धरत नाहीत. म्हणून तुरा व केस यांच्यातील अंतर जितके कमी, तितके ते झाड ताण सोसणारे समजावे. मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्राने १९७० च्या दशकापासून याच खुणेवर भर देऊन निवड केली.

तुम्हांला नवा संकर करण्याची गरज नाही. निवड मात्र करता येईल. संकरित मक्याचे बी पुन्हा पेरले तर पीक एकसारखे येत नाही व उतरते, तेव्हा सुरुवात संमिश्र वाणापासून, म्हणजे ज्याचे बी घरचे धरून पुन्हा पेरता येते अशा वाणापासून, करावी. गोध्र्याच्या मका संशोधन केंद्रात त्याची चौकशी करावी. कापणीनंतर ढिगातून मोठाली कणसे उचलण्याची आपल्याकडची सवय सोडावी लागेल, कारण एखादे कणीस केवळ शेजारचे झाड मेल्यामुळे किंवा खोलगट जागी ओल टिकल्यामुळेही मोठे होते. निवड उभ्या पिकात, पावसाने दडी मारली असतानाच करावी. बांधाकडच्या ओळी सोडून शेताचे वाफे कल्पावेत आणि प्रत्येक वाफ्यात जेथे पराग गळताच केस दिसले, त्या झाडांना सुतळी बांधावी. अगदी मरतुकड्या झाडांचे तुरे पराग गळण्यापूर्वीच खुडून टाकावेत, म्हणजे बापाचीही थोडी निवड होते. बी किमान दोनशे झाडांचे, प्रत्येकाचे सारख्याच संख्येने दाणे घेऊन एकत्र करावे. मोजक्याच कणसांचे धरले तर काही पिढ्यांत पिकाचा जोम उतरतो. दाणा कसा असावा, हे मात्र ज्यांच्या चुलीवर त्याचा रोटला होणार त्या बायकांना विचारावे. एका हंगामात फरक दिसेल अशी अपेक्षा धरू नये.

खरी अडचण शेजाऱ्यांच्या मक्याची आहे. परागकण वाऱ्यावर येतात आणि प्रमाणित बियाण्यासाठी संमिश्र वाणाला २०० मीटर विलगीकरण अंतर, म्हणजे दुसऱ्या मक्यापासून तेवढा दुरावा, लागते, जे लहान शेतांत साधत नाही. त्यापेक्षा दोन-चार शेजाऱ्यांना तेच बी देऊन सलग पट्टा करावा आणि बी मधल्या भागातले धरावे. अशी देवाणघेवाण, एवढेच नव्हे तर विक्रीसुद्धा, २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला खुली आहे; फक्त ते बी कोणत्याही ब्रँडच्या नावाखाली विकता येत नाही.